रजू रडत नाही

२ फेब्रुवारी १९५९, नेर

आज पुन्हा कामावर हजर झालो. यवतमाळहून बदली आलेल्या कारकुनाकडून पोस्टाचा चार्ज घेतला. बाकी ठीक होते, पण त्या गृहस्थाने दोन दिवस शिक्क्यातली तारीखच बदलली नव्हती. म्हणजे नेरचे लोक दोन दिवस कालच्या तारखेत जगले.

शोभाला जाऊन पंधरा दिवस झाले. बाळ तर जन्मतःच गेले, तिचा ताप उतरलाच नाही. यवतमाळच्या दवाखान्यात सगळे संपले आणि तिथेच दिवसवार उरकले. तोवर अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, इथे रजूजवळ येऊन राहिली होती. ती आज दुपारच्या मोटारीने गेली. आता पोस्टाच्या मागच्या दोन खोल्यांत मी आणि रजू. तिला मार्गशीर्षात चार पूर्ण झाली.

रजूला काही सांगितलेले नाही. आई यवतमाळला दवाखान्यात आहे, एवढेच तिला ठाऊक. गोविंदा पोस्टमनला, शेजाऱ्यापाजाऱ्यांना, सगळ्यांना बजावून ठेवले आहे. माझ्या डोक्यावर केस नाहीत, मिशा नाहीत, हे पाहून ती दोन पावले मागे सरली. उवा झाल्या होत्या म्हणून काढले, असे सांगितले. मिशांत उवा! पण पोर गप्प बसले.

काल झोपवताना ओठ काढू लागली तेव्हा मला एक युक्ती सुचली. म्हणालो, "तू रडलीस की आईला तिकडे त्रास होतो. तू रडली नाहीस तर आई लवकर बरी होऊन येईल." ओठ लगेच आत गेला. अक्का म्हणाली, "नरहर, तुला पोर सांभाळता येईल." मलाही तसेच वाटले.

६ फेब्रुवारी

चार दिवसांत एकदाही रडली नाही. काल अंगणात पडली, गुडघा सोलवटला, तरी नाही. गोविंदा म्हणाला, "मास्तर, लय शहानी पोट्टी हाय तुमची. आमचे पोट्टे तर मुंगी चावली तरी गाव जमा करतात." मला अभिमान वाटला, खोटे कशाला लिहू? मोठी झाली, तिला समजेल असे वाटले, की सांगेन. सात-आठ वर्षांची होऊ दे.

१८ फेब्रुवारी

आज तांड्यावरची रुपीबाई पत्र लिहून घ्यायला आली. तिची बहीण हंसाबाई आर्णीकडच्या तांड्यात असते. पत्र लिहून देणे हे माझे काम नव्हे, पण नेरमध्ये हे काम पोस्टमास्तराचेच असा लोकांचा पक्का समज आहे. तिची तरणी मुलगी लाली दिवाळीत गेली. ते बहिणीला कळवायचे होते. अर्धा तास ती बोलत होती. लाली कशी चालायची, कोणत्या कुशीवर झोपायची, शेवटी काय मागितले. खिडकीपुढे रांग लागली. मी लिहिले : "चि. लाली देवाघरी गेली. ईश्वरेच्छा. बाकी सर्व कुशल आहे."

वाचून दाखवले तर म्हणते, "मास्तर, माह्यं रडनं कुठं हाय यात?"

"पत्रात रडणं लिहीत नाहीत, रुपीबाई."

"आन बाकी कोन कुशल हाय?"

रांगेतले हसले. मला राग आला, पण खाली एक ओळ वाढवली, "भेटीस यावे." ती कार्ड घेऊन बराच वेळ बघत बसली. वाचता येत नसूनही.

बाई कामसू दिसते. उद्यापासून धुणे, सारवण आणि दिवसभर रजूजवळ बसायला तिला ठेवले आहे. स्वयंपाक मी करतो. रजूला काय सांगायचे नाही तेही तिला सांगितले. तिने तोंडावर विचारले, "लेकराले खोटं काहून सांगता?" मी म्हणालो, "तू धुणं बघ."

१ मार्च

रजू कमी बोलू लागली आहे. आधी वाटले, माझाच भास. म्हणून आज लक्ष ठेवले. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत : "पाणी." "नको." "झालं." बस्स.

पूर्वी ही मुलगी पोस्टात येणाऱ्या प्रत्येक माणसाला त्याच्या बैलांची नावे विचारत असे.

रुपीबाईशी बोलते का, असे विचारले. "बोलत नाई, पन जवळ बसते. माह्या घागऱ्याचे आरसे मोजते."

११ मार्च

आज रजूचा हात पोळला.

सकाळी भाकरी करत होतो. रजू मागे उभी आहे हे मला कळले नाही. तवा उतरवून खाली ठेवला आणि तिचा हात त्यावर टेकला. करपल्याचा वास आला म्हणून मी वळलो, तर ती दाराआड जाऊन उभी होती. पोळलेला हात हवेत धरलेला, दुसऱ्या हाताने स्वतःचे तोंड गच्च दाबलेले. डोळे बाहेर आलेले. आवाज नाही. हूं नाही की चूं नाही.

मी तिला उचलले, पाणी ओतले, रुपीबाईने कोरफड लावली. मी म्हणालो, "रजू, दुखतं ना? रड, रड थोडी." तिने जोरजोरात मान हलवली. डोळ्यांत पाणी आले तर ते फ्रॉकने टिपून माझ्याकडे असे बघितले, जणू चोरी सापडली.

रुपीबाई म्हणाली, "मास्तर, लेकराले कायनं तरी भेव घातला हाय." मी म्हणालो, घरात घाबरवणारे आहे कोण? मी तर तिला कधी चापट मारली नाही.

अक्काला पत्र टाकले.

२० मार्च

अक्काचे उत्तर. "मुलगी समजूतदार आहे, बाऊ करू नकोस. दृष्ट काढ. आणि वर्षाच्या आत काय ते ठरव, मुलीला आई हवी." दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका मला लागला, रुपीबाईला लागला, गोविंदाला तर पुढच्या खोलीत लागला. रजूला खोकला आला तोही तिने हाताने दाबला.

मला भीती वाटते. कशाची ते नीट लिहिता येत नाही.

९ एप्रिल

पाडवा. आपल्याकडे यंदा सण नाही. गुढी का नाही, हे रजूने विचारलेसुद्धा नाही. मोटार यायच्या वेळी मात्र रोज ओट्यावर जाऊन बसते. टपालाची थैली उतरते, माणसे उतरतात, ती शेवटच्या माणसापर्यंत बघते आणि आत येते. मला वाटते, तिला मोटारीची हौस आहे.

१७ एप्रिल

आज रुपीबाईला कामावरून काढले. वाईट वाटते आहे, पण इलाज नव्हता.

दुपारी हंसाबाई आली. पत्र मिळाले होते, पण नांगरटीमुळे निघता आले नाही म्हणे. मी खिडकीवर होतो. मागच्या अंगणातून एकदम असा आवाज उठला की माझ्या हातातला शिक्का पडला. दोन बायका गळ्यात गळा घालून रडत होत्या. रडत तरी कशा? सुरात, लांबवून, मध्ये मध्ये शब्द घालून. एकीचे संपले की दुसरीचे सुरू. गोविंदाने नंतर सांगितले की त्यांच्यात असेच असते. खूप दिवसांनी भेटलेल्या बाया आधी गळ्यात पडून रडतात, त्या रडण्यातच गेलेल्या माणसाचे सगळे सांगतात, मग पाणी पितात आणि मग साधे बोलतात. "तिचं लालीचं रडनं राह्यलं होतं मास्तर, आज झालं."

पण मी आत धावलो तेव्हा रजू रुपीबाईच्या मांडीवर चढली होती, दोन्ही तळव्यांनी तिचे तोंड दाबत होती आणि किंचाळत होती, "नको! नको! नको!" दीड महिन्यात तिचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता. अंग लाकडासारखे ताठ. मी तिला ओढून घेतले. रुपीबाई डोळे पुसत म्हणाली, "मास्तर, आयका, पोट्टी काय म्हनून राह्यली—"

मी ऐकून घेतले नाही. खिडकीपुढची सगळी माणसे दारात गोळा झाली होती. मी म्हणालो, "काय हा तमाशा? आधीच घाबरट पोर, तिच्यासमोर प्रेतावर रडावं तसं रडता? उद्यापासून येऊ नकोस."

ती उठली. बहिणीला घेऊन गेली. त्यांचे पाणी प्यायचे तसेच राहिले.

२४ एप्रिल

आता एक शब्दही नाही. आठ दिवस.

रुपीबाई दोनदा खिडकीशी आली. "मास्तर, काम हाय." मी वर न बघता सांगितले, कार्डाची वेळ संपली. पुन्हा कामावर घ्या म्हणेल, दुसरे काय असणार?

मी आता रजूला दिवसभर पोस्टातच माझ्याजवळ ठेवतो. रिकाम्या थैल्यांच्या ढिगाजवळ ती बाहुली घेऊन बसते. आज तिकिटांच्या कागदाच्या कडा मी फाडून टाकल्या होत्या, त्या डिंकाच्या पट्ट्या तिने गोळा केल्या, जिभेने ओल्या केल्या आणि बाहुलीच्या तोंडावर एकावर एक चिकटवल्या. पाच पट्ट्या. मग बाहुलीला थापटून निजवले. मी हसून विचारले, "पार्सल करतेस का ग?" तिने माझ्याकडे पाहिले. मीच नजर वळवली.

लिहायला लाज वाटते, पण मला माझ्या मुलीची भीती वाटते. मागे येऊन उभी राहते ते कळत नाही. ती चार वर्षांची आहे आणि मी तिच्याकडे पाठ करून बसायला भितो.

६ मे

देवा, एवढी एक माझ्याजवळ राहू दे.

गावातल्या दवाखान्याच्या ओट्यावर बसून लिहितो आहे. कागद पोस्टाचा आहे, असू दे. डॉक्टर म्हणाले, बाहेर बसा, आत हात चोळत उभे राहू नका. काही केल्याशिवाय बसवत नाही.

दुपारी दोनचा सुमार. ऊन असे की खिडकीवर माणूस नाही. मी टपाल लावत होतो. रजू थैल्यांकडून उठली, हळूच आली आणि माझ्या खुर्चीला टेकून खाली बसली. पायाला खांदा लावून. इतक्या दिवसांत ती आपणहून जवळ आली नव्हती. मला बरे वाटले. इतके बरे वाटले की मी हललो नाही, हललो तर उठून जाईल म्हणून. अर्धा तास तसाच बसलो. अर्धा तास!

मग पायाला ओल लागली. बघतो तर तिचा फ्रॉक घामाने भिजून चिकटलेला. तोंडातून लाळ. खालचा ओठ दातांत धरलेला, त्यातून रक्त. हात बर्फासारखे गार, या मे महिन्यात. करंगळी लाल. "काय झालं, रजू? काय चावलं?" तिने ओठ सोडला नाही. गोविंदाने थैल्या झटकल्या. तांबडा विंचू.

तिला उचलून धावलो. पोस्ट उघडेच टाकले. पायांत वहाणा नव्हत्या हे दवाखान्यात आल्यावर कळले.

डॉक्टरांनी विचारले, "केव्हा चावला?"

"माहीत नाही."

"पोर रडलं केव्हा?"

"रडली नाही."

"अहो, तांबडा विंचू चावला तर पहिलवान लोळतो. रडली नाही म्हणजे काय?"

मी म्हणालो, "आमची रजू रडत नाही." तीन महिने हेच वाक्य मी लोकांना किती कौतुकाने सांगत आलो. डॉक्टरांनी तिचे मनगट धरले. मग म्हणाले, "वेळ गेला फार. नाडी लागत नाही नीट. उद्या दुपारपर्यंत काही सांगता येत नाही."

आतून काही ऐकू येत नाही. बाकीच्या खाटांवरची पोरे रडतात ते ऐकू येते. त्या आयांचा मला हेवा वाटतो.

७ मे

सकाळी रुपीबाई आली. तांड्यावर खबर गेली होती. मला वाटले, सुनावेल. ती माझ्याजवळ ओट्यावर बसली आणि म्हणाली, "आता तरी आयकता का?"

मी मान हलवली.

"त्या दिशी पोट्टी आमाले भेली नोती, मास्तर. ते माह्या रडन्याले भेली होती. मले म्हने, रुपीबाई, रडू नको, रडलं तर दवाखान्यात आई मरते, मंग येत नाई. मी म्हनलं, कोनं सांगतलं बाई तुले असं? म्हने, बाबानं."

मी तिला ते असे सांगितले नव्हते. मी म्हणालो होतो, रडली नाहीस तर लवकर येईल. चांगल्या बाजूने सांगितले होते. पण चार वर्षांच्या पोरीने त्याची दुसरी बाजू काढली, आणि ती बाजूही माझीच.

म्हणजे तवा, मिरच्यांची धुरी, विंचू, सगळे ती गिळत होती ते शोभाला जिवंत ठेवण्यासाठी. काल माझ्या पायाशी अर्धा तास बसली तेव्हाही हेच चालले होते. आणि मी ती जवळ आली म्हणून सुखावलो होतो.

रुपीबाई म्हणाली, "आमच्यातली पोट्टी लहानपनापासून पायते, कोन कसं रडते, काय शब्द घालते. पायता पायता शिकते. तुमच्या पोट्टीनं घरात कोनाले रडतानी पायलं, मास्तर? तुमी तरी रडले का?"

"मी रडलो असतो तर तिला कळलं असतं."

"मंग?"



दुपारी डॉक्टर बाहेर आले. हातपाय गरम झाले आहेत, दूध घेतले. धोका टळला असे म्हणाले. मी त्यांचे हात धरले. पण हायसे वाटायच्या ऐवजी आता दुसरीच भीती धरली आहे. आता मला सांगावे लागेल.

१० मे

घरी आणली. अशक्त आहे. मोटारीचा भोंगा वाजला की उठायला बघते. रुपीबाईला पुन्हा बोलावले आहे, तुम्ही दिवसभर थांबा म्हणालो. आज सांगणार होतो. जमले नाही. अशक्त आहे म्हणून नाही, माझी छाती झाली नाही म्हणून.

११ मे

आजही नाही.

१३ मे

आज सांगितले.

जेवणाच्या सुट्टीत पोस्टाचे दार लावले आणि रजूला मांडीवर घेतले. मला "देवाघरी" म्हणायचे होते, पण रुपीबाईंनी बजावले होते, तसले काही सांगू नका, पोरगी मग त्या घरी कोणत्या मोटारीने जायचे ते विचारेल. म्हणून सरळ म्हणालो, "रजू, आई दवाखान्यात नाही. आई मेली. थंडीतच मेली. आता ती येणार नाही."

ती हलली नाही. माझ्या सदऱ्याचे बटण फिरवत राहिली. मग बोलली. इतक्या दिवसांनी आवाज घोगरा झाला आहे.

"मी मोरीत रडले होते."

"केव्हा?"

"तुमचे केस गेले तेव्हा. थोडंच. वरून पाणी ओतलं. अक्काआत्यालापण नाही ऐकू आलं." बटण थांबले. "आईला ऐकू गेलं?"

मला वाटले होते, ती विचारेल आई कुठे आहे, का मेली. त्याची उत्तरे मी पाठ केली होती. हा प्रश्न त्यांत नव्हता. सव्वातीन महिने हे पोर आपण आईला मारले की काय ते मनात घेऊन रोज ओट्यावर जाऊन बसत होते.

मी म्हणालो, "नाही ग. आई त्याच्या आधीच गेली होती. रडल्याने कोणी मरत नाही. मी खोटं बोललो तुझ्याशी."

तिने माझ्याकडे नीट बघितले. तिचा विश्वास बसला नाही, हे मला दिसले. कसा बसेल? आजवर दोन्ही गोष्टी मीच सांगितल्या.

"मग तुम्ही का नाही रडत?" तिने विचारले.

मी काहीतरी बोलायला गेलो आणि घशातून शब्दाऐवजी दुसरेच आले. दवाखान्यात आले नव्हते, स्मशानात आले नव्हते, ते सगळे आले. मला थांबवता येईना. रजू मांडीवरून उतरली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली, पांढरीफटक. ती माझ्या मरण्याची वाट बघत होती. मला ते कळत होते आणि तिला जवळ घ्यावेसे वाटत होते, पण मी तिथेच बसून रडत राहिलो. मी आता थांबलो तर तिला पुन्हा खोटेच वाटेल, एवढे एकच मला त्या वेळी समजत होते. शोभाचे नाव घेतले. बाळाला नाव नव्हते, त्याला नुसते बाळ म्हणालो. रुपीबाई अंगणाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत.

किती वेळ गेला माहीत नाही. रजू एकेक पाऊल टाकत आली. माझ्या नाकापुढे बोट धरले, श्वास बघितला. छातीवर हात ठेवला. मग माझा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवला.

"बाबा, आता मी रडू?"

मी हो म्हणालो.

तीनला खिडकी उघडायची होती. गोविंदाने बाहेरून कडी वाजवली, मग आतला आवाज ऐकून वाजवायचे थांबला.